चालवायला जुनी मसल कार घ्यायची, तर पैसे कुठे घालायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिशिगनमध्ये राहता, हाताशी तीस हजार डॉलर आहेत, १९६४ ते १९७२ मधली मसल कार (मोठं व्ही-८ इंजिन घातलेली अमेरिकन गाडी) हवी आहे, आणि तीही प्रदर्शनात उभी करायला नाही, तर सुट्टीच्या दिवशी मनसोक्त चालवायला. कोणती घेऊ, आधी काय सुधारू आणि इंजिनची ताकद वाढवू का, असं विचारलंत.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ताकद वाढवू नका. निदान बाकी सगळं होईपर्यंत तरी नाही.

माझ्याकडे १९७० ची ओल्ड्समोबील कटलस एस आहे, ३५० घनइंची इंजिनाची. डेट्रॉईटच्या उपनगरात राहतो आणि पोटापाण्यासाठी सस्पेन्शनचे भाग बनवणाऱ्या कंपनीत काम करतो. तेव्हा माझं मत कुठल्या बाजूला झुकणार हे तुम्हाला कळलंच असेल.

त्या काळच्या जाहिरातीतल्या अश्वशक्तीच्या आकड्यांवर फार जाऊ नका. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या ‘ग्रॉस’ आकडा छापत. म्हणजे इंजिन स्टँडवर, एअर फिल्टर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचा भार नाही. १९७२ पासून ‘नेट’ आकडे आले आणि एका रात्रीत सगळ्या गाड्या कागदावर अशक्त झाल्या. माझ्या कटलसच्या चार-बॅरल (चार नळ्यांच्या कार्ब्युरेटरच्या) इंजिनाचा छापील आकडा ३१० आहे. आत्ता-आत्तापर्यंत मिळणाऱ्या टोयोटा कॅमरी व्ही-६ चा ३०१, आणि तो नेट. सिग्नलवर कॅमरी मला आरामात मागे टाकते. ज्याला नुसता वेग हवा, त्याने कॅमरी घ्यावी, पैसेही वाचतील. जुन्या गाडीची मजा वेगळीकडे आहे: कमी फेऱ्यांवर मिळणारा तो ढकलणारा टॉर्क, लांबलचक बॉनेट, आणि ताशी चाळीस मैलांनाही आपण काहीतरी करतोय असं वाटणं. पण ही मजा यायला गाडी सरळ धावली पाहिजे आणि सांगितल्यावर थांबली पाहिजे. बहुतेक जुन्या मसल कार या दोन्हीत नापास असतात.

आता कोणती घ्यावी. बिल्ल्याचे, म्हणजे नावाजलेल्या मॉडेलच्या नावाचे, पैसे देऊ नका, हे माझं पहिलं म्हणणं. १९६४ च्या पाँटिॲक जीटीओने ही सगळी लाट सुरू केली असं मानतात. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. पाँटिॲकवाल्यांनी ३८९ चं इंजिन टेम्पेस्ट ल मान्सला ‘ऑप्शन’ म्हणून देऊन ती आडकाठी चुकवली. त्यामुळे गंमत अशी, की १९६४ आणि १९६५ च्या जीटीओच्या व्हीआयएन नंबरवरून (कारखान्याने गाडीला दिलेल्या ओळख क्रमांकावरून) ती जीटीओ आहे की साधी ल मान्स हे कळतच नाही. १९६६ ते ७१ मध्ये नंबर २४२ ने सुरू होतो. शेव्रोले शेव्हेलचं उलटं: १९६६ ते ६८ मध्ये तिच्या एसएस ३९६ या दमदार मॉडेलचा नंबर १३८ ने सुरू होतो, १९६९ पासून एसएस हा नुसता ऑप्शन. म्हणूनच बाजारात इतक्या ‘एसएस’ फिरतात. अस्सलपणाच्या कागदांसाठी मोजलेला पैसा वळणावर काही कामाचा नाही.

तेव्हा भावंडं बघा. फोर-फोर-टू ऐवजी कटलस, जीएस ऐवजी ब्यूक स्कायलार्क, जीटीओ ऐवजी ल मान्स, एसएस ऐवजी साधी शेव्हेल मालिबू. चौघींखाली जनरल मोटर्सची तीच ए-बॉडी फ्रेम आहे. क्रायस्लरकडे जायचं तर रोड रनर ऐवजी प्लिमथ सॅटेलाइट. मस्टँग हवी असेल तर २८९ किंवा ३०२ ची साधी हार्डटॉप. फास्टबॅकचा भाव निव्वळ छपराच्या उताराचा आहे. कुणीतरी साध्या मालिबूवर एसएसचे बिल्ले लावले असतील आणि तसं उघड सांगून मालिबूच्या भावात देत असेल, तर तीही चालेल. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: मस्टँग आणि शेव्हेलचे बहुतेक सगळे भाग आज नवे बनून मिळतात, पत्र्यासकट. ओल्ड्समोबील, ब्यूकचं तसं नाही. ओल्ड्समोबील तर २००४ मध्ये बंदच झाली. यातली घ्यायची असेल तर ग्रिल, क्रोमच्या पट्ट्या, दिव्यांच्या चौकटी सगळं जागच्या जागी असलेली घ्या. इंजिनाचे भाग मिळतात. मागच्या काचेभोवतालची एक पट्टी शोधताना वर्ष जातं.

आणि मिशिगनमधली गाडी मिशिगनमध्ये घेऊ नका. ओहायो, पेनसिल्व्हेनियातलीही नको. इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात टाकलेलं मीठ काय करतं ते तुमच्या रोजच्या गाडीखाली वाकून बघा, आणि त्याला पन्नास वर्षांनी गुणा. ॲरिझोना, न्यू मेक्सिको, पश्चिम टेक्सास इकडची बघा. तिथल्या उन्हाने डॅशबोर्ड तडकलेला असतो, सीटचं रेक्झिन फाटलेलं असतं, रंग उडालेला असतो. हे सगळं बदलता येतं. सडलेली फ्रेम बदलणं म्हणजे दुसरी गाडी घेणं. नव्या चकचकीत रंगापेक्षा मला जुना, विटका, पण मूळचा रंग जास्त विश्वासाचा वाटतो, कारण त्याखाली लांबी (पुट्टी) भरलेली नसते. लोहचुंबक खिशात ठेवा, पुट्टीवर तो चिकटत नाही. ए-बॉडीत मागच्या चाकांच्या वर-मागे फ्रेमची नळी बघा, डिकीचा तळ बघा, मागच्या काचेच्या खालच्या कडेला बोट फिरवा. व्हिनाइलचं छप्पर असेल तर जास्तच संशय घ्या, त्याखाली पाणी मुरतं आणि डिकीत झिरपतं. मस्टँगमध्ये समोरच्या काचेखालचा काउल सडतो. त्यावर पाणी ओतलं आणि पायाखालचा गालिचा ओला झाला, की व्यवहार तिथेच थांबवा. लिफ्टवर चढवू न देणाऱ्या विक्रेत्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही. गाडी दूरच्या राज्यात असेल तर तिथल्या एखाद्या स्वतंत्र तपासनिसाला पैसे देऊन पाठवा. आणि तुम्ही जाल तेव्हा इंजिन गार असू द्या असं आधीच सांगून ठेवा. गार इंजिन सुरू होताना काय निळा धूर येतो, ते गरम इंजिन लपवतं.

तीसपैकी वीस-बावीस हजार गाडीला, उरलेले हातात. आता खर्चाचा क्रम.

टायर सगळ्यात आधी. टायरच्या कडेला छापलेल्या डॉट नंबरच्या शेवटी चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. जुन्या गाड्या कमी चालतात, त्यामुळे नक्षी नवी आणि रबर पंधरा वर्षांचं, असं सर्रास दिसतं. ते काढून टाका. पंधरा इंची चाकांना पांढऱ्या अक्षरांचे रेडियल मिळतात आणि गाडीला शोभतात. खरी पकड हवी असेल तर सतरा इंची चाकं घ्यावी लागतील, कारण चांगल्या रबराचे टायर आता त्या मापातच येतात. मी पंधरावरच थांबलोय. गाडी जराशी घसरते तेव्हाच ती बोलते, असं माझं मत.

मग ब्रेक. ज्यांनी खंडाळ्याच्या घाटात प्रीमियर पद्मिनी उतरवली आहे, त्यांना चारही चाकांचे ड्रम तापल्यावर पेडलखाली काय उरतं हे सांगायला नको. इथे तेच ड्रम, पण गाडी सोळाशे किलोंची. पुढे डिस्क बसवा. ए-बॉडीला मूळ कारखान्याच्या मापाचे अकरा इंची रोटर (तबकड्या) आणि त्यांना आवळणारे एका पिस्टनचे कॅलिपर पुरेसे आहेत. सहा पिस्टनचे रंगीत कॅलिपर फोटोत छान दिसतात. डिस्कबरोबर मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेकपर्यंत पोहोचवणारा) आणि कॉम्बिनेशन व्हॉल्व्हही (तो दाब पुढे-मागे वाटणारा) बदला, नाहीतर मागची चाकं आधी जाम होतील. १९६६ पर्यंतची गाडी असेल तर मास्टर सिलिंडर बहुधा एकाच सर्किटचा आहे, म्हणजे एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. तो पहिल्याच आठवड्यात बदला, डिस्क नंतर आली तरी चालेल.

स्टिअरिंग आणि अलाइनमेंट हा माझा लाडका विषय. या गाड्यांचं मूळ अलाइनमेंट जुन्या बायस-प्लाय टायरसाठी आणि एका बोटाने चाक फिरावं म्हणून ठरवलेलं होतं, कॅस्टर (बाजूने पाहिल्यावर स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल) जेमतेम शून्याच्या आसपास. आजच्या रेडियल टायरवर तेच ठेवलं की हायवेवर गाडी भरकटते आणि लोक म्हणतात, जुन्या गाड्या अशाच असतात. नसतात. पॉवर स्टिअरिंग असेल तर चार-पाच अंश पॉझिटिव्ह कॅस्टर, अर्धा अंश निगेटिव्ह कँबर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) आणि किंचित टो-इन (चाकांची पुढची टोकं आत वळलेली) सांगा. सस्पेन्शनच्या मूळ वरच्या आर्म्समध्ये शिमा (पातळ चकत्या) सरकवून एवढा कॅस्टर सहसा मिळत नाही, मग बदली आर्म्स घ्यावे लागतात. ए-बॉडीची पुढची स्पिंडल (चाक जिच्यावर बसतं तो भाग) बुटकी आहे. गाडी वळणावर कलली की बाहेरचं चाक वरून बाहेर झुकतं, नेमकं हवं त्याच्या उलट. उंच स्पिंडल किंवा उंच बॉलजॉइंट हा त्यावरचा इलाज. १९६५-६६ च्या मस्टँगला हाच रोग आहे आणि औषध जवळपास फुकट आहे: वरच्या आर्मची भोकं एक इंच खाली पाडायची. फोर्डच्या क्लाउस आर्निंग या अभियंत्याची ही कल्पना, कॅरोल शेल्बीने आपल्या जीटी-३५० या रेसिंगच्या मस्टँगवर वापरली. हे काम मात्र अलाइनमेंटच्या आधी करा. हे उघड वाटेल, पण दोनदा पैसे भरणारे मी पाहिलेत.

फोर-फोर-टूला मागे अँटिरोल बार (वळणावर गाडी कलू न देणारी सळई) होता, साध्या कटलसला नव्हता. तो खालच्या आर्म्सना बोल्टने लागतो, आर्म्स मात्र बंद पेटीसारखे, बॉक्स केलेले हवेत. एका दुपारचं काम आहे आणि वळणावरचा फरक पहिल्याच चौकात कळतो. चांगले गॅसचे शॉक ॲब्सॉर्बर, नवे बुश (आर्म्सच्या सांध्यातले रबर), फ्रेम आणि बॉडीमधले नवे रबर माउंट. सगळीकडे पॉलियुरेथेनचे कडक बुश घालायचा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. पुढे घाला हवं तर. मागच्या चार आर्म्सना मात्र रबरच ठेवा. ती रचनाच अशी तिरकी आहे की धुरा वर-खाली होताना आर्म पिळवटले जातात; कडक बुश ते होऊ देत नाहीत आणि मागची बाजू झटके देत वळते.

इतकं झालं की गाडी कुठेही न्यावीशी वाटायला लागते, आणि मग गिअर आठवतो. मूळ ऑटोमॅटिकला दोन किंवा तीन गिअर, ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिनाच्या फेऱ्या उतरवणारा वरचा गिअर) नाही. मागच्या ॲक्सलचं गिअर-गुणोत्तर ३.४२ आणि टायर २६ इंची असेल तर ताशी ७० मैलांना इंजिन जवळपास ३,१०० फेऱ्यांवर ओरडत असतं. २००-४आर हा चार गिअरचा ऑटोमॅटिक बसवला तर तेच २,१०० च्या खाली येतं, आणि पहिला गिअरही जास्त खेचतो. लांबीला तो टर्बो ३५० या जुन्या तीन गिअरच्या ऑटोमॅटिकएवढाच असल्याने प्रोपेलर शाफ्टला हात लावावा लागत नाही. फक्त त्याची टीव्ही केबल (कार्ब्युरेटरच्या थ्रॉटलपासून गिअरबॉक्सकडे जाणारी) नीट जुळवणारा माणूस शोधा; ती चुकली की गिअरबॉक्स थोड्याच दिवसांत जळतो. माझ्या लेखी गाडीवरचा सगळ्यात समाधान देणारा मोठा खर्च हाच. मॅन्युअल हवा असेल तर ट्रेमेक कंपनीचा पाच गिअरचा आहे, पण त्यात क्लच, पेडल, क्रॉसमेंबर असं शेपूट लांबतं.

इंजिनाला नीट जपा, एवढंच. ठिणगीसाठीचे जुने यांत्रिक पॉइंट्स काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या नव्या, कारण पंपावर मिळणाऱ्या इथेनॉलने जुनं रबर विरघळतं. जुन्या पद्धतीचा, सपाट टॅपेटवर घासणारा (फ्लॅट टॅपेट) कॅम असेल तर जास्त झिंकचं तेल. मूळचा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर फेकून होली कंपनीचा लावा, असं कुणी सांगेल, ऐकू नका. जाणत्याकडून दुरुस्त करून घेतलेला क्वाड्राजेट शहरात कमी पितो, आणि पाय दाबल्यावर मागचे दोन मोठे बॅरल उघडताना जो घोगरा आवाज येतो तो कुठल्याही फ्युएल इंजेक्शनला नाही. एलएस, म्हणजे जनरल मोटर्सचं आधुनिक व्ही-८ इंजिन, बसवायचा विचार डोक्यात असेल, तर आधी एखाद्या मित्राची तशी गाडी दिवसभर चालवून बघा. उत्तम चालते. पण मग ती जुनी गाडी का ठेवायची, हा प्रश्न मला पडतो.

मुलांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगून ठेवतो. पुढच्या सीटला खांद्याचा पट्टा १ जानेवारी १९६८ पासून सक्तीचा झाला. त्याआधीच्या गाडीत बहुधा फक्त कमरेचा असतो. तीन बिंदूंचे पट्टे बसवून घ्या, पण नीट पक्क्या जागी. पहिल्या मस्टँगमध्ये पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ आहे; मागच्या सीटमागे पोलादी पडदी वेगळी घालता येते, ती घाला. लहान मुलांना मी मागे बसवत नाही.

विमा ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’चा घ्या, म्हणजे गाडीची किंमत आधीच ठरवून घेतलेला, अपघातानंतर तिच्यावरून वाद नको. नंबर प्लेटचं तुमच्यावर आहे. मिशिगनची ‘हिस्टॉरिक’ प्लेट स्वस्त पडते, पण तिच्यावर गाडी मेळावे, क्लबच्या फेऱ्या, संचलन अशा कामांपुरतीच चालवता येते. ऑगस्ट महिना तेवढा अपवाद, तेव्हा कशीही फिरवा. त्याच महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉईटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मोठी फेरी, असते. तुम्हाला वर्षभर मनाला येईल तेव्हा काढायची आहे, तेव्हा साधी प्लेटच घ्या.