तलवार राहू दे, आधी अधोली बघ

अरे, तू पाठवलेले फोटो काल निवांत पाहिले. तलवारीचे इतके फोटो आणि धान्य मोजायच्या त्या पितळी अधोलीचा, म्हणजे अर्ध्या पायलीच्या मापाचा, एकच, तोही लांबून. मला विचारशील तर कॉलेजच्या म्युझियमसाठी अधोली जास्त मोलाची आहे. तलवार बाजारातून आलेली, आधी कुणाकडे होती ते काहीच कळत नाही, आणि अधोली म्हणजे चोपड्याकडच्या एका घरातली, देणाऱ्या काकूंना सासूबाई सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याला, ज्वारी मोजून देताना आठवतात. हे एवढं कळणंच लाखमोलाचं आहे बघ.

आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याचंच घे. १९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ साळी सरांच्या उत्खननात तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे सापडले, एकावर रेघा कोरलेल्या, साधारण पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे. जमिनीच्या कुठल्या थरात सापडले ते नोंदवलेलं होतं म्हणून त्याला अर्थ आला, तोच तुकडा कुणी खिशात घालून आणला असता तर नुसती टरफलं.

ऑस्ट्रेलियातले म्युझियमवाले वस्तूला चार अंगांनी तपासतात, इतिहास, कला, संशोधनाला उपयोग आणि लोकांची भावना, आणि मग ती कुठून आली, किती दुर्मिळ, कुठल्या अवस्थेत आहे हे बघतात. चारही अंगांत बसायलाच पाहिजे असं काही नाही, एकात जरी भक्कम असली तरी चालतं.

आता अधोलीचा काठ नीट बघ, एका बाजूने झिजलाय. तिथे वजनमापवाल्यांचे बारीक ठसे असतील तर भिंगाखाली वाच. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान पद्धत आली आणि शेर, पायली कागदावरून गेले, पण त्या घरात मजुरी कधीपर्यंत याच मापाने द्यायचे ते काकूंना विचार. आणि हेही विचार की देताना माप काठापर्यंत सपाट भरायचे का शीग लावून, म्हणजे काठावर ढीग येईल असं, आणि शेतकऱ्याकडून घेताना कसं, कारण सालदाराचं वर्षभराचं पोट त्या शिगेवर होतं, आणि हे कुठल्याच दप्तरात लिहिलेलं सापडणार नाही. जमलं तर त्या सालदाराच्या घरच्यांनाही भेट, त्यांची आठवण वेगळी निघेल, दोन्ही लिहून ठेव.

पुढच्या आठवड्यात धुळ्याला ये, तिथल्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊ, जुन्या वस्तू कशा नोंदवून ठेवल्यात ते बघू. तोवर चिंच किंवा पितांबरी लावून अधोली चकाचक करू नकोस, ठसे पुसट होतात. बुडाचा आणि आतल्या बाजूचा फोटो तेवढा पाठव, शेजारी पट्टी ठेवून.