तुळशीसाठी ‘१००० वॉट’चा जांभळा दिवा घ्यावा का?

ताई, रत्नागिरीत पावसाचे चार महिने माजघरातली तुळस आणि मिरचीची रोपं उजेडाअभावी लांबुडकी होतात, म्हणून तुम्ही रोपांना उजेड देणारा तो सहाशे रुपयांचा ‘१००० वॉट’वाला जांभळा एलईडी दिवा घ्यायचं म्हणताय. नका घेऊ. त्याच्या अडॅप्टरवर बघा. १२ व्होल्ट, २ अँपियर लिहिलं असेल तर गुणाकार करा: २४ वॉट, त्यावर काही नाही. २४ वॉट दोन-तीन कुंड्यांना पुरतात हो, पण मग विकणाऱ्याने तसं लिहावं की! आणि जांभळ्यापेक्षा पांढरा फुल स्पेक्ट्रम, म्हणजे उन्हासारखा सगळ्या रंगांचा उजेड देणारा दिवा बरा. जांभळ्या उजेडात पानावरची बुरशी दिसतच नाही.

पण आपल्याकडे खरी भीती ओलीची आणि खाऱ्या वाऱ्याची. माझा पहिला दिवा पत्र्याच्या अंगाचा, टू-पिनचा. दुसऱ्याच पावसाळ्यात कुंडी सरकवताना त्याला हात लागला आणि कोपरापर्यंत झणझणलं. टेस्टर लावला तर पेटला! उघडून बघितलं तर ड्रायव्हरमधल्या, म्हणजे दिव्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटमधल्या, तांब्यावर हिरवा थर चढलेला. त्यामुळे धातूचा दिवा असेल तर थ्री-पिनच हवा, आणि घरचं अर्थिंग खरोखर चालू आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्या. बोर्डावर ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा. ड्रायव्हरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. दिव्यावर लिहिलेलं आयपी६५ म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत जात नाही, एवढंच. मिठाने गंजणार नाही असा त्याचा अर्थ नाही. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळ सॉकेटात न जाता झोळाशी ठिबकतो.

टायमरमध्ये मी फसलोय. चकतीवाला स्वस्त टायमर लाईट गेली की तोही थांबतो. आपल्याकडे जून-जुलैत लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको. आठवड्याभरात माझा दिवा पहाटे तीनला जळायला लागला होता. आत बॅटरी असलेला डिजिटल घ्या.

२४ वॉटचा दिवा रोपांपासून वीतभर वर टांगा, रोज १४ तास ठेवा. महिन्याला जेमतेम १० युनिटं होतात. वरची पानं पांढुरकी पडली तर दिवा थोडा उचला, शेंडे ताणायला लागले तर खाली घ्या.

मनी प्लांटला मात्र दिवा नकोच, तो खिडकीशी सरकवा.