ऑस्ट्रेलियाचे स्पीडवे रायडर नाव कमवायला ब्रिटनलाच का जायचे? एखाद्याची कारकीर्द सांगाल का?

पूर्व लंडनमध्ये कस्टम हाउस भागात दोन वर्षं भाड्यानं राहत होतो. आसपासच्या गल्ल्यांची नावं विल्किन्सन रोड, क्रूम्ब्स रोड, हॉस्किन्स क्लोज, यंग रोड. आपल्याकडच्यासारखी इथंही माजी नगरसेवकांची नावं दिली असतील, असं मी धरून चाललो होतो. शेजारच्या आजोबांनी एकदा सांगितलं की ही सगळी स्पीडवेवाली माणसं. आपण उभे आहोत तिथं वेस्ट हॅमचं स्टेडियम होतं, ते 1972 साली बंद झालं आणि मग त्या जागेवर ही घरं आली. तेव्हापासून मी या विल्किन्सनच्या मागे लागलो. तुमच्या प्रश्नाला उत्तर म्हणून त्याचीच गोष्ट सांगतो.

आधी खेळ समजून घ्या. इप्सविचला मी एकदा प्रत्यक्ष पाहिला. मोटारसायकलवर चार जण, चार फेऱ्या, लांबोडकं मैदान, सगळी वळणं डावीकडे. 500 सीसीचं इंजिन, गिअर एकच आणि ब्रेक नाहीच. वळणावर डाव्या पायाचा लोखंडी तळाचा बूट जमिनीवर घासत मागचं चाक बाहेर फेकायचं आणि पुढचं चाक चक्क उजवीकडे वळवलेलं ठेवायचं. साधारण मिनिटभरात खेळ खलास. मी वळणाशी उभा होतो, तर पहिल्याच शर्यतीत खडीचा फवारा थेट चहाच्या कपात. हवेत जळक्या एरंडेलासारखा गोडसर वास. तो दुसऱ्या दिवशीही जॅकेटला होता.

आता ब्रिटनच का? खेळाचं बाळसं ऑस्ट्रेलियातलंच. 1923 साली न्यू साउथ वेल्समधल्या वेस्ट मेटलंडला जॉनी हॉस्किन्सनं जत्रेच्या मैदानावर दिव्यांच्या उजेडात शर्यती भरवल्या, तेव्हापासून त्याचा बोलबाला झाला. पण पैसा इंग्लंडात होता. 1928 मध्ये तिकडे खेळ पोचला आणि पुढच्याच वर्षी संघांची लीग सुरू झाली. म्हणजे आठवड्यात कितीतरी सामने, आणि मेहनताना शर्यतीच्या प्रत्येक सुरुवातीगणिक नि मिळवलेल्या गुणागणिक. शिवाय ऋतू उलटे. इंग्लंडचा उन्हाळा संपला की बोटीनं घरी यायचं, तिथला उन्हाळा खेळायचा आणि पुन्हा बोट धरायची. एका खेपेला महिनाभराहून जास्त प्रवास! क्रिकेटसारख्या ऑस्ट्रेलिया-इंग्लंड टेस्टसुद्धा स्पीडवेत 1930 पासून होत होत्या.

आर्थर विल्किन्सन हा बॅथर्स्टचा पोरगा. केस तांबडे म्हणून नाव पडलं ‘ब्लूई’. तांबड्या केसांच्या माणसाला ‘निळ्या’ म्हणायची ऑस्ट्रेलियन लोकांची खोड आहे, त्यात तर्क शोधू नका. 1929 साली तो वेस्ट हॅमला आला आणि 1938 पर्यंत त्याच एका क्लबकडून खेळला. तिथला प्रवर्तक, म्हणजे सामने भरवणारा, पुढे कोण, तर तोच जॉनी हॉस्किन्स. 1937 मध्ये वेस्ट हॅमनं लीग जिंकली.

पण मला हा माणूस आवडतो तो 1936 च्या सप्टेंबरमुळे. वेम्बलीला पहिलीवहिली जागतिक अंतिम स्पर्धा होती, सत्तर हजारांच्या वर माणसं होती. सोळा रायडर, प्रत्येकाच्या पाच शर्यती, पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. या रचनेत प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदा गाठ पडते. ब्लूईनं पाचही जिंकल्या, पंधरापैकी पंधरा. त्या रात्री त्याला कुणी हरवलंच नाही. आणि तो आला तिसरा!

घोडं अडलं नियमात. आधीच्या फेऱ्यांतल्या कामगिरीवरून बोनस गुण ठरले होते आणि ते अंतिम गुणांत मिळवायचे होते. ब्लूईचे बोनस दहा, म्हणून एकूण पंचवीस. त्याचाच देशबंधू लायोनेल व्हॅन प्राग बोनसचे बारा अधिक त्या रात्रीचे चौदा आणि इंग्लंडचा एरिक लँग्टन तेरा अधिक तेरा, दोघेही सव्वीसवर. मग त्या दोघांची निर्णायक शर्यत झाली आणि शेवटच्या वळणावर व्हॅन प्राग आतून निसटला. दोघांनाही तासाभरापूर्वी हरवणारा माणूस ती शर्यत बाहेरून बघत होता. शाळेत वार्षिकला पहिला यावा आणि सहामाहीचे गुण धरून नंबर खाली जावा, तसला प्रकार. व्हॅन प्रागला मात्र हिणवू नका, पठ्ठ्या मोठा होता. पुढे युद्धात वैमानिक म्हणून त्याला जॉर्ज मेडल मिळालं.

1937 ला पहिल्या तिन्ही जागा अमेरिकनांनी नेल्या. 1938 ला ब्लूई पुन्हा वेम्बलीला उतरला तो कॉलरबोन मोडलेला, खांदा पट्ट्यांनी आवळून. ज्या खेळात हँडल सतत उलटं ओढून धरायचं असतं, तिथं हे. एका गुणानं जॅक मिल्नला मागे टाकून तो जगज्जेता झाला, आणि तेही त्याच बोनसच्या पद्धतीत.

जिंकल्यावर त्यानं नियमित खेळणं थांबवलं. 1939 मध्ये शेफील्डच्या ट्रॅकचं व्यवस्थापन हाती घेतलं. सप्टेंबरात युद्ध सुरू झालं आणि तो बेतही बारगळला. सिडनीला परतला आणि जुलै 1940 मध्ये साध्या रस्त्यावरच्या मोटारसायकल अपघातात गेला. वय अठ्ठावीस.

वरचा यंग रोड म्हणजे जॅक यंग, तोही ऑस्ट्रेलियनच, ॲडलेडचा. एडिनबर्गच्या दुसऱ्या श्रेणीच्या संघातून येऊन 1951 साली जगज्जेता झाला आणि 1952 ला वेस्ट हॅमकडून खेळत पुन्हा. त्याच्याबद्दल वेगळा प्रश्न टाका, लिहितो.