वाचकांचे प्रश्न : मच्छीमार सोसायटीचा इतिहास कोठून सुरू होतो?

प्रश्न : माझे आजोळ मालवणजवळचे आहे. तेथील मच्छीमार सोसायटीला लवकरच पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत असून स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. हाती आलेली सामग्री म्हणजे आजवरच्या अध्यक्षांची यादी आणि उद्घाटनांची छायाचित्रे. अशा संस्था कोकण किनाऱ्यावर केव्हा आणि का सुरू झाल्या? त्यापूर्वी मच्छीमारांमध्ये एकत्र धंदा करण्याची काही रीत होती का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यायला हवे, कारण ते बाजूला ठेवले तर सोसायटी ही सरकारने कोळी-गाबित या मच्छीमार समाजांना शिकवलेली गोष्ट होती असा समज होतो आणि बहुतेक स्मरणिका याच समजावर उभ्या असतात. आपल्या आजोळच्या किनाऱ्यावर सहकाराचा कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून रापण होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे प्रचंड लांबीचे जाळे. ते एका कुटुंबाच्या ऐपतीत बसत नसल्याने प्रत्येक भागीदार जाळ्याचा आपला तुकडा आणतो आणि असे तुकडे जोडून रापण पुरी होते. मासळीचा थवा जवळ आल्याचे पाण्याच्या रंगावरून व पक्ष्यांच्या घिरट्यांवरून ओळखणारा जाणता माणूस इशारा देतो. एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती ठेवून होडी पाण्यात शिरते, अर्धवर्तुळ घेत जाळे सोडत जाते आणि दुसरे टोक काही अंतरावर पुन्हा वाळूवर आणून देते. मग दोन्हीकडची माणसे वाळूत पाय रोवून मागे सरकत दोर ओढतात, आणि जाळे जसजसे जवळ येते तसतशा दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत जातात, म्हणजे बांगडा-तारलीची सारी मासळी मधल्या भागात कोंडली जाते. विक्रीनंतर होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि अंगमेहनतीचा वाटा वेगळा काढला जातो; दोराला हात लावणाऱ्या वाटसरूलाही थोडी मासळी मिळते. या व्यवहारात भागभांडवल आहे, श्रमाची किंमत आहे आणि वाटणीचा सर्वांना मान्य असलेला नियमही आहे. फक्त नोंदणी क्रमांक नाही.

उत्तरेकडे, रायगडपासून पालघरपर्यंत, हीच शिस्त वेगळ्या रूपात दिसते. तेथील डोल जाळी समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधून भरती-ओहोटीच्या प्रवाहात सोडतात आणि बोंबील, जवळा, करंदी पकडतात. खुंट रोवण्याच्या या जागांना कव म्हणतात. कोणत्या गावाची, कोणत्या घराची कव कोठे, हे गावाच्या पंचांनी ठरवायचे आणि भांडण झाले तर त्यांनीच मिटवायचे, अशी रीत होती. खुंटांच्या या जागांवरून गावागावांत होणारे वाद आजही संपलेले नाहीत, यावरूनच या हक्कांचे मोल लक्षात यावे.

मग सोसायटीची गरज का भासली? माझ्या मते याचे उत्तर कर्जात आहे. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, नारळी पौर्णिमेपर्यंत उत्पन्न बंद असते आणि लाकूडकामाचा, नव्या सुताचा, दोरखंडाचा खर्च नेमका याच काळात येतो. हा पैसा सावकार किंवा मासळीचा दलाल देत असे. त्याची अट मात्र अशी असे की हंगामातील सगळी मासळी त्यालाच, तो सांगेल त्या भावाने घालायची. मासळी नाशवंत, खरेदीदार एकच आणि तोच धनको, त्यामुळे मच्छीमाराला भाव करण्याची जागाच उरत नसे. रापणीत आपसांतील वाटणी कितीही न्याय्य असली तरी वाटणीसाठी हाती येणारी रक्कमच बाहेरचा माणूस ठरवत होता. या अडचणीवर गावाच्या पंचांकडे उपाय नव्हता.

सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा 1904 साली झाला, पण तो मुख्यतः कर्जपुरवठ्यापुरता होता. 1912 च्या कायद्याने खरेदी, विक्री आणि इतर कामांसाठीही संस्था काढण्याची वाट मोकळी केली, आणि पुढच्याच वर्षी, 1913 साली, रत्नागिरीजवळच्या कर्ला गावात मच्छीमारांची सहकारी संस्था निघाली. ती देशातील पहिली मच्छीमार सहकारी संस्था मानली जाते. (पुण्याच्या वाचकांना हे नाव ऐकताच लोणावळ्याजवळची लेणी आणि कोळ्यांची एकवीरा आई आठवेल, ते कार्ले वेगळे, हे कर्ला रत्नागिरीच्या खाडीकाठचे.) पुढे मुंबई इलाख्याचा स्वतंत्र सहकार कायदा 1925 साली आला आणि त्यानंतर आजचा ‘महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960’ आला.

तरीही किनाऱ्यावर सोसायट्यांचे खरे पेव फुटले ते स्वातंत्र्यानंतर, आणि याच काळाकडे आपण सर्वाधिक लक्ष द्यावे. आपल्या सोसायटीचा जन्मही याच काळातला दिसतो. होड्यांना इंजिने बसू लागली, सुताच्या आणि तागाच्या जाळ्यांची जागा नायलॉनने घेतली, बर्फ मिळू लागल्याने मासळी मुंबईच्या बाजारापर्यंत ताजी जाऊ लागली. या प्रत्येक गोष्टीला रोख पैसा लागत होता आणि सरकारी कर्ज व अनुदान वैयक्तिक मच्छीमाराऐवजी संस्थेमार्फत येत होते. 1963 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सहकार विकास निगमाकडूनही पुढे यांत्रिक नौकांसाठी मोठी कर्जे आली. सुताच्या जाळ्याला ऐनासारख्या झाडाच्या सालीच्या काढ्यात पुन्हा पुन्हा बुडवावे लागे. नायलॉन आल्यावर ते काम गेले आणि त्याबरोबर घराघरातले जाळे विणण्याचे कामही कमी झाले. असा बदल सोसायटीच्या माल-नोंदवहीत अगदी स्पष्ट दिसतो : एका वर्षी सुताच्या लड्या, काही वर्षांनी नायलॉनचे धागे, मग डिझेलची पिंपे आणि बर्फाच्या लाद्या. अध्यक्षांच्या यादीपेक्षा हे पान मला अधिक मोलाचे वाटते, कारण गावाचा धंदा कोणत्या वर्षी बदलला हे तेच सांगते.

यातून एक गोष्ट मात्र हातची गेली, आणि तीही स्मरणिकेत यावी असे मला मनापासून वाटते. डिझेलवरील कराचा परतावा संस्थेच्या मार्फत मिळत असल्याने अनेक ठिकाणी सभासदाचा सोसायटीशी संबंध डिझेलपुरता उरला आणि मासळीची विक्री पुन्हा दलालाकडे गेली. ज्या कामासाठी संस्था हवी होती तेच काम मागे पडले. पालघर जिल्ह्यातील सातपाटीसारख्या गावात संस्थांनी सभासदांची पापलेट स्वतः गोळा करून विकण्याचे काम नेटाने चालवले, म्हणून तेथील संस्थांचे नाव किनाऱ्यावर आदराने घेतले जाते. आपल्या सोसायटीने विक्री कधी हाती घेतली होती का, आणि घेतली असल्यास ती का थांबली, हे अवश्य शोधावे.

प्रश्न : एकाच गावात दोन-दोन मच्छीमार सोसायट्या का असतात? हे केवळ राजकारण आहे का?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : राजकारण असतेच, परंतु मुळाशी पुष्कळदा मासेमारीच्या पद्धतींचा झगडा असतो. रापणकर, ट्रॉलरवाले (यांत्रिक नौकेमागे जाळे ओढत नेणारे) आणि पर्ससीन जाळेवाले (थव्याभोवती मोठे जाळे टाकून ते खालून आवळणारे) यांचे हित एक नाही. 1970 नंतरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊ लागल्याने तणाव वाढला आणि महाराष्ट्राने 1981 साली सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला; किनाऱ्यालगतचे ठरावीक वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) खोलीचे पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखणे हा त्यामागचा एक हेतू होता. पर्ससीनच्या विरोधात सिंधुदुर्गातील पारंपरिक मच्छीमारांनी दिलेल्या लढ्यानंतर 5 फेब्रुवारी 2016 रोजी राज्य शासनाने त्या जाळ्यांवर कडक निर्बंध घातले. रापणीच्या भागीदाराला आणि पर्ससीन नौकेच्या मालकाला एकाच सभेत एकमताने ठराव करता येत नाही, म्हणून संस्था वेगळ्या होतात. यात मला पारंपरिक मच्छीमारांची बाजू न्याय्य वाटते, कारण रापणीला मासळीच्या मागे खोल समुद्रात जाता येत नाही. मासळी किनाऱ्याला आली तरच तिचा धंदा आहे.

प्रश्न : सोसायटीच्या इतिहासाचे कागद कोठे मिळतात? पुण्यात बसून काही पाहता येईल का?
– सहकार विषयाची एक विद्यार्थिनी, डेक्कन

उत्तर : सुरुवात पुण्यातच करता येईल. जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड 1880 चा, ठाण्याचा 1882 चा आणि कुलाब्याचा (म्हणजे आजच्या रायगडचा) 1883 चा आहे. त्यांत मच्छीमार जाती, होड्या आणि जाळी यांची माहिती आहे आणि शहरातील जुन्या ग्रंथालयांत ते पाहता येतात. सहकाराच्या धोरणाविषयीचे साहित्य वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्थेत मिळेल. त्यापुढचे काम मात्र गावातच करावे लागेल. मूळ पोटनियम, पहिल्या सभासदांची नोंदवही, इतिवृत्ताची पुस्तके आणि लेखापरीक्षणाचे अहवाल हे चार कागद सोसायटीच्या कपाटात शोधावेत. ते दमट हवेने खराब झाले असतील तर पाने सुटी न करता जागेवरच त्यांची छायाचित्रे घ्यावीत. संस्थेकडे काही शिल्लक नसल्यास जिल्ह्यातील सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे लेखी अर्ज करावा.

सभासदांच्या नोंदवहीत स्त्रियांची नावे बहुधा फार थोडी आढळतील, कारण सभासदत्व नौका आणि जाळे यांच्याशी जोडलेले राहिले. मासळी बाजारात नेऊन विकणे, सुकवणे आणि घरातला हिशेब राखणे हे काम मात्र त्यांचेच. दलालाचा भाव कोणत्या वर्षी किती होता, सोसायटीने विक्री सुरू केल्यावर तो वाढला की नाही, हे वयस्कर विक्रेत्या बायकांना इतिवृत्तापेक्षा अधिक नेमके सांगता येते. त्यांच्याशी बोलायला बाजार उठल्यानंतर, दुपारी जावे.