कॅशलेस मंजूर होतं, तरी विमा कंपनीने बिलातले बरेच पैसे कापले. आता काही करता येतं का?

हो, येतं. तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या ऑपरेशनला कॅशलेस मंजूर होतं, विम्याची रक्कमही बिलापेक्षा जास्त होती, तरी डिस्चार्जच्या दिवशी बरेच पैसे पदरचे भरावे लागले आणि कारण विचारलं तर 'रूम रेंट' एवढंच उत्तर मिळालं. माझ्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी अगदी हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अनेक पॉलिसींमध्ये खोलीभाड्याला मर्यादा असते, बहुतेकदा विमा रकमेच्या एक टक्का दररोज. आईची पॉलिसी ५ लाखांची, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. त्या दरातली खोली रिकामी नव्हती, म्हणून आम्ही ८,००० ची घेतली. वाटलं, वरचे ३,००० आपण भरू, पाच दिवसांचे १५,००० होतील. तसं नसतं. खोलीचा वर्ग चढला की सर्जनची फी, ऑपरेशन थिएटरचं भाडं, नर्सिंग हे सगळंच बऱ्याच रुग्णालयांत चढतं. म्हणून कंपनी त्या खर्चांतलेही आठातले पाचच हिस्से देते. 'प्रपोर्शनेट डिडक्शन' म्हणतात ते हेच. दाखल होताना हे कोणीही आम्हाला सांगितलं नाही, आणि याचा मला आजही राग आहे.

बिल झालं ३,२०,०००. कंपनीने दिले २,००,०००. उरलेले १,२०,००० भावाने इकडून तिकडून जमवून भरले. आई व्हीलचेअरवर ताटकळत बसलेली, अशा वेळी काउंटरवर कोण हिशेब तपासणार? तुम्हीही तेव्हा पैसे भरून मोकळे झालात, त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका.

घरी आल्यावर मी बिलाचे तीन भाग पाडले. खोली ४०,०००. सर्जन, भूल, थिएटर, नर्सिंग मिळून १,६०,०००. आणि गुडघ्याचं इम्प्लांट, औषधं, तपासण्या मिळून १,२०,०००. कंपनीने तिन्ही भागांना सरसकट कात्री लावली होती. चूक इथेच होती. विमा नियामक इर्डाईने २०२० सालीच सांगितलं आहे की औषधं, वापरून टाकायच्या वस्तू, इम्प्लांट, वैद्यकीय उपकरणं आणि तपासण्या यांच्यावर ही प्रमाणशीर कपात लावायची नाही. आयसीयूच्या खर्चावरही नाही. इम्प्लांटची किंमत खोली बघून बदलत नाही, इतकं साधं कारण आहे त्यामागे. आणि ज्या रुग्णालयात खोलीच्या वर्गाप्रमाणे दर बदलतच नाहीत, तिथे तर ही कपात लागूच होत नाही.

म्हणजे आम्हाला २५,००० अधिक १,००,००० अधिक १,२०,०००, असे २,४५,००० मिळायला हवे होते. ४५,००० कमी आले होते.

तुम्हीही हेच करा. रुग्णालयाकडून बाबवार बिल घ्या, एका पानाचं गोषवारा बिल कामाचं नाही. कंपनीकडून किंवा टीपीएकडून (कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) सेटलमेंट लेटर मागा, त्यात प्रत्येक कपातीपुढे कारण असायला हवं. मग पॉलिसीचं पूर्ण पुस्तक उघडून 'असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस'ची, म्हणजे ज्या खर्चांवर ही कपात लागते त्यांची, व्याख्या शोधा. कशावर कपात लागत नाही, ते बहुधा तिथेच लिहिलेलं असतं. हातमोजे, रजिस्ट्रेशन फी अशा गोष्टींचे पैसे अनेक पॉलिसी देत नाहीत, त्यासाठी फार भांडू नका.

फोनवर बोलण्यात मी तीन आठवडे घालवले, तेवढे तुम्ही घालवू नका. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. 'पैसे कमी दिले' एवढंच लिहिलंत तर ठरावीक उत्तर येईल. कोणत्या बाबीचे किती कापले, कोणत्या कलमानुसार कापले, आणि तुमच्या हिशेबाने किती यायला हवेत, असं एका तक्त्यात मांडा. माझ्या पहिल्या मेलला नकार आला होता. दुसऱ्या मेलमध्ये हा तक्ता आणि पॉलिसीतली ती व्याख्या जोडली, आणि ४५,००० आईच्या खात्यात आले.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जा. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत मात्र अर्ज करावा लागतो, म्हणून नकाराचं पत्र जपून ठेवा. पॉलिसी वडिलांच्या नावावर असेल तर तक्रारही त्यांच्याच सहीने करा.

एक बाब राहिली. डिस्चार्जसाठी तासन् तास थांबावं लागलं असं तुम्ही म्हणालात. २०२४ च्या नियमाप्रमाणे रुग्णालयाची विनंती पोचल्यापासून तीन तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची असते, आणि तिच्या उशिरामुळे रुग्णालयाने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीनेच सोसायचे असतात. बिलात त्या उशिरामुळे जास्तीच्या रात्रीचं खोलीभाडं लागलं आहे का, ते बघा.

बिलाचे तीन भाग आणि खोलीभाड्याची मर्यादा एवढे आकडे खाली लिहिलेत, तर किती यायला हवेत ते मी मांडून देईन. नाव किंवा पॉलिसी नंबर मात्र लिहू नका.