फोक्सवॅगनची पोलो बंद झाली, मग आता सेकंडहँड घेतली तर पुढे रीसेल मिळेल का?

मिळेल. नाही मिळणार म्हणणारे आमचे दाजी. 2022 ला पोलो बंद होणार अशी बातमी आली आणि लगेच त्यांचा फोन, काढून टाक, पार्ट मिळणार नाहीत, दोन वर्षांनी भंगारवाला पण विचारणार नाही. स्वतःची पोलो त्यांनी मिळेल त्या भावात काढली. मी नाही काढली.

माझी 2021 ची वन लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल इंजिन) मॅन्युअल. मागच्या वर्षी मोठी गाडी घ्यायची म्हणून विकायला काढली. आधी एका ऑनलाइन कंपनीचा पोरगा आला, पेंट मोजायचं मशीन प्रत्येक पॅनलला लावत फिरला, मागच्या डाव्या दरवाजावर आकडा जास्त आला, म्हणजे रंगाचा थर जाड (तिथे घासली होती, मी आधीच सांगितलं होतं) आणि "सर मॉडेल बंद झालंय" म्हणत भाव पाडला. नाही म्हटलं. चार दिवसांनी एक पोरगा वडिलांना घेऊन आला, दरवाजा उघडला, लावला, परत उघडला, परत लावला. तो ठप्प आवाज ज्याने ऐकलाय त्यालाच कळेल. मग थंड इंजिन चालू करून ऐकलं, सर्व्हिसची बिलं बोनेटवर मांडून तारखा जुळवल्या आणि कंपनीच्या ऑफरपेक्षा 70 हजार जास्त देऊन गाडी नेली.

बंद होणं आणि बंद होणं यात फरक असतो. फोर्डने 2021 ला भारतात गाड्या बनवायचंच थांबवायचं ठरवलं, फिगोवाल्यांची भीती मी समजू शकतो. फोक्सवॅगन चाकणला आहेच, वन लिटर टीएसआय त्यांच्याच व्हर्टस आणि टायगुन गाड्यांमध्ये पण येतं, आणि नवीन पोलो मिळत नाही म्हटल्यावर ज्याला हवीये तो जुनीच शोधणार ना.

पण सगळ्याच पोलो अशा नाहीत हां. जुन्या 1.2 जीटीचा डीएसजी (दोन क्लचवाला ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स असेल आणि बिलं नसतील तर स्वस्तात पण घेऊ नका, खर्च अंगावर येतो. 2020 नंतरच्या ऑटोमॅटिकला साधा टॉर्क कन्व्हर्टर (नेहमीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे, ती चालेल. एमपीआय, म्हणजे टर्बो नसलेली पेट्रोल, पिकअपला मंद, तिच्यासाठी कोणी जास्त पैसे मोजत नाही. डिझेल असेल तर दिल्लीतलं गिऱ्हाईक धरूच नका, 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचे नियम तिकडे बदलत राहिलेत. आणि सर्व्हिस सेंटर लांब असेल तर माझा हिशोब तुम्हाला लागू नाही.

दाजींच्या पोलोवर माझी ताई गाडी शिकली होती. विकताना तिला विचारलं पण नव्हतं.