विहिरींची नोंद ठेवणारं अ‍ॅप

प्रश्न : आम्ही इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. भोर तालुक्यातल्या विहिरी, हातपंप आणि सार्वजनिक नळ ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावर, यावेत म्हणून मोबाइल अ‍ॅप करतो आहोत. माहिती गावातल्या आशाताई भरतील. फॉर्म फार लांबला आहे. सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, भोर

उत्तर : फॉर्म बाजूला ठेवा. उन्हात विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या ताईंना एका नजरेत जे सांगता येईल, तेवढंच विचारा. एका स्क्रीनवर एक प्रश्न, मोठी बटणं, आणि त्यात ‘माहीत नाही’ हेही एक. ते नसलं की माणूस पुढे जाण्यासाठी काहीतरी दाबतो आणि चुकीची नोंद नकाशावर जाते. स्ट्रीटकंप्लीट हे अ‍ॅप असेच छोटे प्रश्न विचारतं. आधी ते घेऊन गावात फिरा. त्याचा कोडही खुला आहे. ‘मॅन मेड’, ‘वॉटर वेल’ हे टॅग, म्हणजे वस्तू काय आहे ते नकाशाला सांगणारे शब्द, पडद्यामागे राहू द्या, ताईंना ‘विहीर’ दिसली पाहिजे.

‘पाणी आहे का?’ हा प्रश्न मात्र मला अपुरा वाटतो. आपल्या मावळपट्ट्यात पाऊस धो धो पडतो, तरी दिवाळीत काठोकाठ भरलेली विहीर मे महिन्यात तळ दाखवते. म्हणून ‘उन्हाळ्यात आटते का?’ हे वेगळं विचारा. पाहणीची तारीख ‘चेक डेट’ या टॅगमध्ये अ‍ॅपनेच भरावी. टँकरचं नियोजन करणाऱ्याला तारखेशिवाय या नोंदीचा काय उपयोग?

घाटाखालच्या वाड्यांवर रेंज नसते, त्यामुळे परिसराचा नकाशा आधीच उतरवून घेता आला पाहिजे आणि नोंदी फोनमध्येच साठल्या पाहिजेत. खरी कसोटी पाठवताना लागते. ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येक वस्तूला आवृत्ती क्रमांक असतो. मधल्या काळात दुसऱ्या कुणी तीच विहीर दुरुस्त केली असेल, तर सर्व्हर तुमची जुनी आवृत्ती ४०९, म्हणजे ‘आवृत्ती जुळत नाही’, हा संदेश देऊन नाकारतो. अशा वेळी नवी आवृत्ती आणून दोन्ही शेजारी दाखवा. दुसऱ्याच्या कष्टावर परस्पर बोळा फिरवू नका.

मोकळ्या आभाळाखाली फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतं, डोंगराच्या कुशीत आणि दाट झाडीत ते भरकटतं. म्हणून बिंदू बोटाने सरकवता यायला हवा.

नावं देवनागरीत, लोक म्हणतात तशीच घ्या. विहिरीच्या मालकाचं नाव किंवा फोन नंबर कधीही नको. गूगल मॅप्सवरून काहीही उचलू नका, परवान्यात ते बसत नाही. लॉगिन ज्याच्या त्याच्या खात्यातून, ओऑथ २.० (अ‍ॅपला पासवर्ड न देता परवानगी देण्याची पद्धत) वापरून.

आणि चाचणीच्या विहिरी खऱ्या नकाशावर खणू नका! ओपनस्ट्रीटमॅपचा चाचणीसाठी वेगळा सर्व्हर आहे. तिथे सगळं नीट चाललं की मगच एक वाडी निवडा आणि ताईंच्या हातात फोन द्या.